तलांक शून्य : मुंबई ते मालवण, शिडाच्या बोटीच्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024, रविवार, नागपूर

पाटबंधारे खात्यातील नोकरीत मोजमाप-पुस्तिका लिहिण्याची सवय हाताला इतकी जडली आहे, की निवृत्तीनंतरचे पहिले मोठे काम हाती घेताना वही समोर असल्याशिवाय मला चैन पडेना. काम असे आहे. पत्नीच्या कॉलेजातील एका मित्राची पंचवीस फुटी, फायबरची, शिडाची बोट मुंबईत गेली तीन वर्षे किनाऱ्यावर ठोकळ्यांवर उभी आहे. त्याने आता मालवणला घर घेतले असून बोट त्याला तिथे हवी आहे. आम्ही ती दुरुस्त करावी, समुद्रमार्गे मालवणला पोहोचवावी आणि त्या बदल्यात हंगाम संपेपर्यंत तीच बोट आम्ही वापरावी, असा सौदा ठरला आहे.

अंतर सुमारे 185 सागरी मैल, म्हणजे 340 किलोमीटर आहे. वाटेत तीन घरी जायचे कबूल केले आहे : रेवदंड्याला माझी धाकटी बहीण, रत्नागिरीला पत्नीची मावशी आणि शेवटी मालवणला तिचे माहेर. सुकाणू पत्नीकडे राहील, हेही आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. ती वडिलांच्या होडीत वाढली. मी नागपूरच्या महाल वस्तीतला, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चोविसाव्या वर्षी. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही दोघांनी मुंबईत शिडाच्या बोटीचा प्राथमिक वर्ग केला, तेवढेच माझे भांडवल.

गंमत अशी, की नोकरीत मी रोज समुद्राचेच नाव घेत होतो. पेंचच्या कालव्यावर जे जे तलांक, म्हणजे उंचीचे आकडे, लिहिले, ते सगळे समुद्रसपाटीपासून इतके मीटर असेच लिहिले. नागपूर त्या सपाटीपासून साधारण 310 मीटर उंच आहे. ज्या शून्यापासून एवढे आयुष्य मोजले, त्याच्यावर उभे राहायचे मात्र राहून गेले होते.

17 नोव्हेंबर 2024, रविवार, नागपूर

मोठे शीड आज गच्चीवर पसरले. मुंबईहून ते गुंडाळी करून पार्सलने मागवले होते. आठ मीटर उंचीचा आणि तीन मीटर पायाचा तो त्रिकोण गच्चीवर कर्णात टाकला तेव्हा कुठे मावला. तुळशीची लग्ने नुकतीच उरकल्यामुळे शेजारच्या काकूंना वाटले, की आमच्याकडे मांडव पडतो आहे, आणि त्यांनी कठड्यावरून 'कोणाचं ठरलं?' असे विचारलेही.

कापड बरे आहे, पण शिवण गेली आहे. उन्हाने दोरा असा कुजला आहे, की नखाने ओढला तरी भुगा होऊन येतो. मुंबईच्या कारागिराने सांगितलेला भाव आणि मुदत दोन्ही परवडण्यासारखे नव्हते, म्हणून इतवारीकडच्या एका ताडपत्रीवाल्याला बोलावले. त्याने शिडाच्या कडेवर अंगठा फिरवला, कापड उलटे करून पाहिले, एक पट्टी दुसरीवर कशी चढवली आहे ते बोटाने मोजले आणि मग म्हणाला, 'काम होते जी. पण नागपुरात समुद्र कुठी आहे?' समुद्र मुंबईला आहे, असे सांगितल्यावर त्याने विषय सोडला. सरळ टीप घातली तर वाऱ्याच्या ताणाने कापड टिपेच्या रेषेवर फाटते. नागमोडी टाके घातले तर ताण वाटला जातो. हे मी त्याला समजावायला लागलो, तेव्हा ट्रकच्या ताडपत्र्याही तसेच फडफडतात, असे त्याने मला समजावले. जाड पॉलिएस्टरचा दोरा आणि प्रत्येक जोडाला दोन ओळी, असे ठरले.

15 डिसेंबर 2024, रविवार, नागपूर

आज आराखडा मोडला. पहिला आराखडा मी खात्याच्या पद्धतीने केला होता : उभ्या रकान्यात ठिकाणे, आडव्या रकान्यात तारखा, रोज सकाळी सहाला निघायचे आणि दुपारी एकला पोहोचायचे, कारण तिन्ही घरी एक वाजता पाने मांडली जातात. पत्नीने तो कागद पाहिला, पेन्सिल घेतली आणि प्रत्येक तारखेखाली तिथी लिहिली. 'अहो, आपण रोज सहाला उठू. पाणी रोज सहाला कुठे उठते?'

किनाऱ्यावरचा ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो आणि हा हिशेब त्याला रोज 45 मिनिटे देतो, त्यामुळे थोडी गफलत राहणारच. छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिले तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त फरक आढळला नाही, आणि पंचांगावर एवढे भागत असेल तर ते वाईट नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते-उतरते, मालवणला त्याच्या जेमतेम निम्मे. ज्याने कालव्यात आयुष्यभर पाणी एकाच दिशेने वाहताना मोजले, त्याला खाडी दिवसातून दोनदा उलटी वाहते हे माहीत असणे वेगळे आणि त्याप्रमाणे वेळापत्रक करणे वेगळे.

वाऱ्याचेही तसेच आहे. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सूर्य वर आला की तो मरतो, दोन-तीन तास पाणी आरशासारखे पडून राहते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्याला पाठीवर मिळतो. मुंबईहून मालवणला जाणे सोयीचे आणि मालवणहून मुंबईला येणे जिकिरीचे असण्याचे कारण तेच आहे.

नव्या आराखड्यात निघण्याच्या वेळा पहाटे तीनपासून सकाळी अकरापर्यंत विखुरल्या आहेत आणि पोहोचण्याचा रकाना रिकामा ठेवला आहे. तिन्ही घरी फोन करून जेवणासाठी थांबू नये असे कळवले. तिन्ही घरांनी थांबू असे सांगितले.

12 जानेवारी 2025, रविवार, नागपूर

सामान जमले : दोन लाइफ जॅकेट, दोन नांगर, हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ संच, धुराचे आणि प्रकाशाचे इशारे, पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे चार कॅन, होकायंत्र आणि गच्चीवर महिनाभर तपासलेला सौर पट्टा. संचावर सोळावा, म्हणजे संकटाच्या हाकांचा, चॅनल सतत ऐकायचा. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून केबिनच्या दारावर चिकटवायचे.

एका कार्यालयात मात्र अर्ज परत आला, कारण 'राहण्याच्या ठिकाणाजवळचे बंदर' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'नाही' असे लिहिले होते. दुसऱ्या खेपेस तिथे मुंबई लिहिले, आणि अर्ज चालला.

7 फेब्रुवारी 2025, शुक्रवार, विदर्भ एक्स्प्रेस

शीड, नांगराचा दोर आणि मृग बहाराची पाच डझन संत्री. शिडाची गुंडाळी दोन बर्थच्या खाली आडवी घातली आहे. तिकीट तपासनिसाने तिला पाय लावून पाहिला आणि सतरंजी समजून पुढे गेला.

9 फेब्रुवारी 2025, रविवार, मुंबई

बोट पाण्यात उतरली. इंजिन सुरू झाले, पण थंड करणारे पाणी मागच्या छिद्रातून बाहेर पडेना; छिद्रात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. तारेने ते काढायला पाच मिनिटे लागली, आणि तेच कारण आहे हे शोधायला तीन तास.

11 फेब्रुवारी 2025, मंगळवार, मुंबई ते रेवदंडा

पावणेअकराला दोर सोडले. शुद्ध चतुर्दशी, म्हणजे भरती साडेदहाची, आणि उतरत्या पाण्याने आम्हाला बंदरातून बाहेर ढकलत न्यावे असा बेत होता. तो तंतोतंत उतरला. शिडात वारा नव्हता, इंजिन मंद होते, तरी मागचा किनारा झपाट्याने लहान होत गेला. मुंबई आणि रेवस यांच्यामधल्या या पाण्यात 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दिवस आषाढी अमावास्येचा होता. पत्नीने त्या बाजूला पाहून हात जोडले. तिच्या लहानपणी घरात कोणी पावसाळ्यात मुंबईला निघाले, की रामदासचे नाव निघत असे.

एकच्या सुमारास वायव्येकडे पाण्याचा रंग बदलला, मग त्यावर सुरकुत्या आल्या आणि मग वारा आला. इंजिन बंद केल्यानंतरची शांतता कानाला काही क्षण खरी वाटेना. खांदेरी डावीकडे ठेवून गेलो. बेटावरचे दीपगृह 1867 सालचे आहे आणि बेटाला आता सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. पुढे अलिबागचा कुलाबा किल्ला लागला. ओहोटीला लोक चालत जातात तो हाच. एका समुद्री गरुडाने आमच्या डोलकाठीच्या वर घिरट्या घातल्या. पोट पांढरे, पंखांच्या कडा काळ्या, आणि पंख जरा वर उचललेले. कुरव पक्षी थव्याने पाण्यावर बसले होते आणि बोट अगदी जवळ येईपर्यंत हलत नव्हते.

आता चूक लिहितो. चौल कडूचा खडक दूर ठेवून चार वाजता कुंडलिका खाडीच्या मुखाशी आलो. मोबाइलवरच्या नकाशात डावीकडे दोन मीटर पाणी दिसत होते, आमची बोट पाण्याखाली एक मीटर दहा सेंटिमीटर जाते, आणि घर त्याच बाजूला होते. पत्नी म्हणाली, की कोळ्यांनी काठ्या रोवल्या आहेत त्या बाजूने जाऊ. मी आकडा दाखवला. दर पावसाळ्यात खाडीच्या तोंडची वाळू जागा बदलते, हे नकाशाला माहीत नव्हते आणि ते मला सुचले नाही. बोट काही आवाज न करता थांबली. एखाद्याने मागून सदरा धरावा तशी. पाणी अजून उतरत होते. दहा मिनिटांत ती एका कुशीवर कलली. केबिनमधली संत्री एकामागून एक घरंगळत उजव्या बाजूला गेली. पत्नीने मला एका शब्दानेही काही म्हटले नाही आणि नांगर खोल पाण्याच्या दिशेने टाकायला लावला, म्हणजे भरती आल्यावर लाटांनी बोट आणखी आत ढकलली जाऊ नये.

ओहोटीचा तळ पाच वाजता आला. काही मिनिटे कुठलेच पाणी कुठेच गेले नाही. खेकडे वाळूवर निघाले. कोर्लईच्या किल्ल्यावर उन्हाचा तांबडा पट्टा चढत गेला. आयुष्यभर ज्याला सपाटी म्हटले ती सपाटी इथे दिवसातून चार वेळा नुसती ओलांडून जाते आणि तिथे थांबत नाही, हे माझ्या एकदम लक्षात आले. समुद्रसपाटी ही वर्षानुवर्षांच्या भरतीमापक नोंदींची सरासरी असते, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. सहाला दहा कमी असताना बोट सरळ झाली, हलली आणि नांगराच्या दोरावर तरंगू लागली. काठ्यांच्या बाजूने आत गेलो. धाकटी बहीण सुपारीच्या वाडीच्या टोकाला मोबाइलचा दिवा हलवत उभी होती. जेवण एकचे होते. सातला गरम केले.

14 फेब्रुवारी 2025, शुक्रवार, दिघी

दोन दिवस बहिणीकडे मोडले, आणि ते मोडण्यासारखेच होते. आजवर तिच्याकडे आम्ही अलिबागच्या रस्त्याने आलो. पुढचे अंगण, तुळस, मग ओटी. या वेळी वाडीतून, पाटाच्या कडेने, विहिरीजवळून थेट स्वयंपाकघरात शिरलो. तिने पाय धुवायला पाणी ठेवले होते ते मागच्या दारी, आणि मेहुण्यांनी पुढच्या दाराने बाहेर येऊन आम्हाला शोधले.

आज पहाटे साडेतीनला सरत्या पाण्याबरोबर निघालो. मतलई वारा बेताचा, पण सलग होता. सव्वासातला सूर्य डोंगरामागून वर आला, तेव्हा डावीकडे जंजिरा आणि उजवीकडे, समुद्राच्या बाजूला, पद्मदुर्ग असे दोघांच्या मधून चाललो होतो. पुस्तकात हे दोन किल्ले वेगवेगळ्या पानांवर असतात. इथून पाहिले की सिद्दीच्या दाराशी दुसरा किल्ला बांधणे म्हणजे काय, हे बोलून दाखवावे लागत नाही.

16 फेब्रुवारी 2025, रविवार, बाणकोट खाडी

काल भरतीचे पाणी बघून सावित्री नदीच्या मुखातला वाळूचा दांडा ओलांडला; या वेळी आधी एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारले. त्याने बोटाने हवेत एक वळण काढले आणि 'असे या' म्हणाला. तसेच आलो.

आज वेळासला जाऊन आलो. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी किनाऱ्यावरून उचलून जाळीच्या कुंपणात पुन्हा तशीच पुरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावाला बरोबर घेऊन हे काम उभे केले. घरट्यावर तारखेची पाटी असते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला पन्नास दिवसांच्या आगेमागे लागतात. आम्हाला एकही पिल्लू दिसले नाही. कुंपणाच्या आत नुसती वाळू होती, पाट्या होत्या आणि पहारा करणारा एक तरुण होता. पत्नी तिथे बराच वेळ उभी राहिली. मला वाळूत पाहण्यासारखे काय आहे ते कळेना, पण दहा मिनिटांनी मीही पाहू लागलो होतो.

संकष्टी असल्याने तिचा उपास होता. चंद्रोदय दहाच्या सुमारास, आणि खाडीच्या पूर्वेला डोंगर, म्हणून तो आणखी लांबला. बोटीच्या नाळेवर बसून आम्ही डोंगराच्या कडेकडे पाहत राहिलो. कांदळवनातून चिखलाचा टपटप आवाज येत होता. चंद्र दिसला तेव्हा तिने वाटीतले पाणी सोडले, आणि ते खाडीत पडले.

19 फेब्रुवारी 2025, बुधवार, हर्णै

काल आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा कळस समुद्रातून दिसला, तोच खलाशांची खूण आहे. आज शिवजयंती, सुवर्णदुर्गाच्या समोर नांगर टाकून आहोत आणि सकाळपासून किनाऱ्यावरून ढोल ऐकू येत आहे. दुपारी हर्णैचा मासळी लिलाव पाहिला. बोलीच्या आकड्यांतले मला काही समजले नाही, पत्नीला सगळे समजले, आणि तिने आमच्यासाठी दोन पापलेटे अशा भावात घेतली, की विकणारीने तिला 'तू खयची गो?' असे विचारले. विदर्भात एकतीस वर्षे राहूनही ती मासळीसमोर उभी राहिली, की नागपूरकर राहत नाही.

21 फेब्रुवारी 2025, शुक्रवार, जयगड

दाभोळ आणि जयगड, दोन दिवस, दोन खाड्या. वारा बेताचा. तोलकेश्वरच्या दीपगृहाखाली चार डॉल्फिन दिसले. पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्यालगत राहणारे. पाठ वर आली, श्वासाचा फुस्स आवाज झाला, आणि पाणी पुन्हा मिटले.

23 फेब्रुवारी 2025, रविवार, रत्नागिरी

मिरकरवाड्यात एका ट्रॉलरच्या बाजूला बोट बांधली आहे. ट्रॉलरवरच्या खलाशांनी आमचा दोर स्वतः घेतला, आमची गाठ सोडली आणि त्यांची मारली.

मावशी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. पेठकिल्ल्यातल्या त्यांच्या घराची पुढची बाजू गल्लीत आणि मागची पडवी समुद्राकडे आहे. आम्ही पायऱ्यांवरून पडवीत चढलो तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. भाचीकडे त्यांनी वर न पाहताच म्हटले, 'मागल्या दारान इलंस? बरा केलंस.' त्यांच्या लहानपणी या घराचे हेच पुढचे दार होते, असे मग कळले. माणसे, मीठ, कौले, लग्नाची वऱ्हाडे, सगळे पाण्यावरून येत असे. रस्ता मागून आला आणि घराने तोंड फिरवले. मुंबईहून येणारी आगबोट बंदराबाहेर उभी राही, पडाव तिच्या बाजूला लागत, आणि लाट वर आली की तांडेल 'उतरा' म्हणे. त्या एका क्षणात मूल, ट्रंक आणि साडीचा ओचा सांभाळून पडावात पाय टाकायचा. 'आणि बोट लागलेली माणसं?' असे मी विचारले. मळमळणारे, ओकारी काढणारे असे त्यांनी चार नातेवाईक नावानिशी सांगितले, त्यातले तीन आता हयात नाहीत. चौथे पुढच्या खोलीत दूरदर्शन पाहत होते.

मी नागपूरची उरलेली संत्री त्यांच्यासमोर ठेवली. रेवदंड्याला बोट कलल्यावर घरंगळल्याने काहींना डाग पडले होते. मावशींनी नेमके डाग पडलेले संत्रे उचलून सोलले.

दुपारी थिबा राजवाड्याकडे गेलो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1885 मध्ये राज्य गेल्यावर इथे आणला गेला आणि 1916 मध्ये इथेच वारला. राजवाड्याच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. एवढे पाणी रोज पाहायचे आणि त्यावरून कुठेही जायचे नाही, ही कल्पना आजच्या दिवशी मला जड गेली.

24 फेब्रुवारी 2025, सोमवार, विजयदुर्ग

पहाटे तीनला निघालो. वद्य एकादशीचा चंद्र अजून उगवायचा होता. अंधार इतका, की शीड भरले आहे की नाही हे कापडाला हात लावून पाहावे लागत होते. चारच्या सुमारास सुकाणू अचानक जड झाले आणि बोट मंदावली. मी विजेरी शोधू लागलो. पत्नी म्हणाली, 'विजेरी नको, खाली पाहा.' पाणी चमकत होते. हिवाळ्यात या समुद्रात सूक्ष्म जीव असतात, ढवळले की निळसर उजेड देणारे. सुकाणूच्या पात्यात जाळ्याचा दोर अडकला होता आणि पाणी त्याच्यावरून घासून जात असल्याने तो दोर टोकापासून टोकापर्यंत उजळला होता. त्याच्या गाठी, त्याला धरून असलेला एक बोया, आणि पात्यापाशी पडलेला पीळ, सगळे निळ्या रेघेने काढल्यासारखे दिसत होते. विजेरी लावली असती तर यातले काहीच दिसले नसते.

चाकू हाताशी होता. कापला असता तर मिनिटाचे काम होते, पण जाळे दुसऱ्याचे होते. शिडे उतरवली, वल्ह्याच्या टोकाने दोर खाली दाबला, आणि पत्नी पालथी पडून पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून पीळ उलगडत राहिली. तिचा हातही कोपरापर्यंत उजळत होता. पंचवीस मिनिटे लागली. दोर सुटला आणि बुडत बुडत विझला.

एकला विजयदुर्गाच्या आत आलो. सगळ्या किनाऱ्यावर इतके निवांत पाणी मला आढळले नाही. तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातला हा किल्ला 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून पाडाव केला. किल्ल्यापेक्षा मला गिर्ये गावाजवळची आंग्र्यांची गोदी पाहायची होती. खाडीच्या कडेला खडक कोरून केलेला तो हौद आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला पाणी बाहेर जाऊ द्यायचे, आणि कोरड्या तळावर दुरुस्ती करायची. ना पंप, ना इंधन. मी हौदाच्या कडेवर बसून पाऊण तास आकडेमोड केली, आणि पत्नीने रिक्षावाल्याला थांबण्याचे पैसे दिले.

26 फेब्रुवारी 2025, बुधवार, मालवण

काल देवगड, आज सकाळी सहाला शेवटचा टप्पा. सव्वासातला कुणकेश्वरासमोर होतो. आज महाशिवरात्र, देऊळ अगदी समुद्राच्या काठी, आणि वाळूवर माणसांची न तुटणारी रांग होती. दीड मैलावरून माणसे दिसत नव्हती, फक्त रंग हलत होते. इंजिन बंद करून थोडा वेळ तरंगत राहिलो. मतलई वाऱ्यावर घंटांचा आवाज पाण्यावरून येत होता.

साडेअकरालाच खारा वारा सुटला आणि बाराला तो बोटीला जड झाला. शीड आखडायला मी उशीर केला. बोट वळताना ते एका बाजूहून दुसरीकडे जोरात गेले आणि मधल्या पट्टीला वीतभर चीर पडली. मालवणच्या बंदराचे तोंड खडकांचे आहे, आणि पाणी उतरत होते. पत्नीच्या मोठ्या भावाचा फोन आला, 'सुकती लागली, बेगीन या.' मग तो स्वतःच छोटी होडी घेऊन समोर आला आणि पुढे पुढे चालला. आम्ही त्याच्या होडीच्या रेषेत, फाटक्या शिडाने, सिंधुदुर्ग उजवीकडे ठेवून आत गेलो. पत्नीने भावाकडे पाहिलेही नाही. ती काठावरची दोन माडांची झाडे एका रेषेत धरून होती. वडिलांनी दाखवलेली खूण होती, असे तिने नांगर पडल्यावर सांगितले. त्यातला एक माड नवा आहे, जुना पडल्यावर भावाने त्याच जागी लावलेला.

वहिनींनी पाने मांडली होती. एकतीस वर्षे मालवणी जेवणाची वर्णने ऐकलेला जावई समुद्रातून दारी आला, आणि महाशिवरात्रीमुळे त्याला वरीचा भात आणि दाण्याची आमटी मिळाली.

28 फेब्रुवारी 2025, शुक्रवार, मालवण

बोट गोड्या पाण्याने धुतली. हिशेब : सोळा दिवस, पैकी दहा दिवस प्रवास, इंजिन 27 तास, पेट्रोल 48 लिटर, एकदा वाळूत, एकदा जाळ्यात, एक चीर. मासे मिळाले, आणि त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण ही मोजमाप-पुस्तिका आहे. पावसाळ्यापूर्वी, मे संपायच्या आत, बोट पाण्याबाहेर काढायची आहे.

9 मार्च 2025, रविवार, नागपूर

शीड पुन्हा गच्चीवर. ऊन आता चांगलेच तापते आहे. ताडपत्रीवाला आला. त्याने चपला काढल्या, चीर पाहिली, मग तिच्या बाजूची आपली शिवण बोटाने टोकापर्यंत चाचपली. जोडाच्या घडीत पांढरी पूड साचली होती. ती त्याने चिमटीत घेतली आणि जिभेला लावून पाहिली.

'खारट आहे जी,' तो म्हणाला. आणि मग, 'कापड गेलं, पण माझी शिवण नाही सुटली.' चिरेवर पट्टी लावायचे त्याने साडेतीनशे रुपये सांगितले; बुधवारी देतो म्हणाला.